धुतलेली चक्की

बोरखेड्यात एके काळी तीन चक्क्या होत्या. रुपचंदची स्टँडावर, हेमराजची मारुतीच्या पाराशेजारी आणि वना नथू पाटलांची खालच्या गल्लीत. त्यातल्या दोन बंद पडल्या, वनाआबांची तेवढी सुरू आहे. धरणगावहून कोणी नवा माणूस आला, चहाच्या टपरीवर टेकला आणि त्यानं विचारलं, की घरोघर घरघंटी आलेली असताना ही एकच चक्की कशी टिकली, तर तिथले चौघं चार कारणं सांगतील. एक म्हणेल, माणूस चिवट. दुसरा म्हणेल, दगड अस्सल. तिसरा म्हणेल, नियत साफ. चौथा सकाळपासून बाकावरून उठलेला नसतो, तो म्हणेल, मेहनत. आपल्याकडे कोणी बुडालं तर लोकांना कारण तोंडपाठ असतं, आणि कोणी तरलं तर त्याहून पाठ असतं. खरं काय ते या चौघांपैकी एकालाही माहीत नाही. माहीत आहे ते वनाआबांना, आणि ते सांगायचे नाहीत. म्हणून आपणच सांगू.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनचा लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, जात्यावर दळून दळून गावातल्या बायकांचे हात सोलून निघाले होते. ते बघून वनाआबांच्या बापानं, नथूबाबानं, पुढच्या साली तेलाचं इंजिन आणलं आणि खालच्या गल्लीत चक्की बसवली. वना तेव्हा बारा वर्षांचा. शाळेत त्याचं लक्ष नव्हतंच, ते इंजिनाच्या पुकपुकीत गेलं आणि परत आलं नाही. पुढं इंजिन जाऊन विजेची मोटर आली, नथूबाबा गेला, वनाचा वनाभाऊ आणि वनाभाऊचा वनाआबा झाला. पन्नास वर्षांत या माणसानं दुसरं काही केलं नाही. त्यांच्या भुवया ऐन पंचविशीत पांढऱ्या दिसायच्या आणि आता साठीपलीकडं त्या खरोखर पांढऱ्या झाल्या, तर कोणाच्या लक्षातही आलं नाही.

कामात मात्र माणूस पक्का. दर आठवड्याला वरचा दगड उचलून, मांडी घालून, छिन्नीनं त्याला टाकी लावायचे, झिजलेला दगड पुन्हा खरबरीत करायचे. पीठ पडायला लागलं की अंगठा आणि बोट यांच्यात चिमूट चोळून बघायचे आणि दगड केसभर वर नाहीतर खाली घ्यायचे. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी, ही शिस्त कधी मोडली नाही. बाजरी दळून झाल्यावर कोणी गहू घेऊन आलं, तर आधी स्वतःच्या घरचे मूठभर गहू टाकून दगड साफ करायचे. त्या गव्हांचं पीठ शेजारच्या म्हशीला जायचं. भागाबाई, त्यांची बायको, म्हणायची की म्हशीचं नशीब आपल्याहून बरं आहे.

मग घरघंटी आली. आधी सरपंचाच्या घरी, मग बचत गटाच्या कर्जावर, मग लग्नातल्या रुखवतात, आणि मग कपाटासारखी ती घरोघर दिसायला लागली. रुपचंदनं काळाची पावलं ओळखली. त्यानं चक्की काढली, तिथं मोबाइलचं दुकान टाकलं, आणि आज तो दुपारी झोपतो. हेमराजनं दोन वर्षं काढली आणि मग बंद करायचं ठरवलं. पण त्यानं एक केलं. बंद करायच्या आदल्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून तो घरोघर फिरला आणि हात जोडून म्हणाला की उद्यापासून चक्की बंद, इतकी वर्षं सांभाळून घेतलं, आता रजा द्या. वर्षभरात ज्या बायका त्याच्या दारात फिरकल्या नव्हत्या, त्यांनीही डोळ्याला पदर लावला. वनाआबांनी ते पाहिलं होतं. बंद करावी तर अशी, असं तेव्हाच त्यांच्या मनात बसलं.

त्यांची स्वतःची गिऱ्हाइकं म्हणाल तर वस्तीवरची सात-आठ घरं आणि गुरांसाठी मका भरडून नेणारा एखादा. दिवसाचे दोन तास पट्टा फिरायचा, बाकी वेळ आबा ओट्यावर बसून असायचे. मुलगा किरण सुरतला उधन्यात कापडाच्या कारखान्यात. तो फोनवर दर रविवारी एकच सांगायचा, की ते लोखंड विका आणि इकडे या, खोली लहान आहे पण चार-पाच जणं मावतात. भागाबाईचा जीव नातवात, पियुषमध्ये, अडकलेला. तिला जायचंच होतं. पाचोऱ्याचा एक भंगारवाला येऊन मोटर बघूनही गेला होता. आबा सुरतेला एकदाच गेले होते आणि चार दिवस गॅलरीत उभे राहून परत आले होते. तिथं आपण कोण, हे त्यांना कळलं नव्हतं. शेवटी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किरण घरी आला तेव्हा बाप-लेकांचं ठरलं. श्रावणातल्या कानबाईच्या सणापर्यंत बघायचं. तोवर एखादं रोजचं, मोठं गिऱ्हाईक लागलं तर चक्की राहील. नाही लागलं तर कानबाई झाली की चक्की विकून दोघांनी सुरत गाठायची.

आणि गंमत बघा, गिऱ्हाईक लागलं.

आषाढात एक दिवस योगेंद्र नावाचा तिशीतला माणूस मोटरसायकलवर पोतं टाकून आला. एरंडोलजवळ धुळ्याच्या हायवेवर त्याचं भरीत-भाकरीचं हॉटेल. भरिताबरोबर लोकांना कळण्याची भाकरी लागते, ज्वारीत सालीसकट उडीद आणि मीठ घालून दळलेली. ती त्याच्याकडं कडेनं चिरत होती. चार ठिकाणी दळून बघितलं, पीठ गरम पडायचं. कोणीतरी त्याला बोरखेड्याच्या म्हाताऱ्याचं नाव सांगितलं होतं. आबांनी दगड जरा सैल केला, पट्टा हळू ठेवला आणि पहाटेच्या गारव्यात त्याचं पोतं दळलं. तिसऱ्या दिवशी योगेंद्र दोन पोती घेऊन आला. भाकरी ताटाएवढी थापली तरी चिरत नाही म्हणाला. मग दर तिसऱ्या दिवशी यायला लागला, आणि एकदा चहा पिता पिता म्हणाला की श्रावणाचा पहिला पंधरवडा जाऊ द्या, असंच जमलं तर वर्षभराचं दळण तुमच्याकडेच.

त्या दिवशी आबा जेवताना दोनदा हसले. भागाबाईनं ते मोजलं. तिच्या मनातली सुरत त्या दिवशी थोडी लांब गेली. पण नवऱ्याला जेवताना हसलेलं तिनं फार दिवसांनी पाहिलं होतं.

आता कानबाईचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं कानबाई बसते. सुरत, नाशिक, पुण्याला गेलेला खानदेशी माणूस दिवाळीला एक वेळ येणार नाही, कानबाईला येतो. त्या दिवशी घरोघर रोट होतात. घरात जितके पुरुष, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, तितक्या सव्वा मुठी गहू मोजायचे. पोटासाठी परगावी गेलेल्याचीही मूठ धरायची. ते गहू आदल्या दिवशी वेगळे दळायचे, आणि त्यांचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेर कोणाला घास द्यायचा नाही. या दळणासाठी चक्की धुवावी लागते. एकदा धुतली की कानबाई बोळवेपर्यंत, म्हणजे सोमवार सकाळपर्यंत, तिच्यात दुसरा दाणा पडायचा नाही.

नथूबाबानं यात स्वतःचा एक नियम घातला होता. कानबाईच्या दळणाचा पैसा घ्यायचा नाही. देवीचं दळण आणि पैसा एका हातात धरवत नाही, असं तो म्हणायचा. वनाआबांनी तो नियम पन्नास वर्षं पाळला. म्हणजे हिशेब असा, की वर्षातल्या ज्या दिवशी चक्कीला श्वास घ्यायला फुरसत नसायची, त्या दिवशी गल्ल्यात काही पडायचं नाही, आणि रोट भाऊबंदांचे, त्यामुळं ताटातही काही पडायचं नाही. पण तो दिवस आबांचा असायचा. पहाटेपासून नव्या कापडात गहू बांधलेल्या बायकांची रांग पार मारुतीपर्यंत जायची. एका भाऊकीचं दळण झालं की दगड पुसायचा, मग दुसऱ्या भाऊकीचं टाकायचं, असं चाळीस-चाळीस वेळा. बायका कानबाईची गाणी म्हणायच्या, आणि मोटरच्या आवाजात ती ऐकू यावीत म्हणून आणखी मोठ्यानं म्हणायच्या. त्या एका दिवसावर आबा वर्ष काढायचे. चक्की गावाला लागते, याचा पुरावा त्यांना तिथं मिळायचा.

गेली काही वर्षं रांग मारुतीवरून ओट्यावर आली होती हे खरं. गेल्या साली अकरा भाऊक्या आल्या होत्या. आबा म्हणाले, पाऊस होता. पाऊस होताच, पण तो दुपारनंतर आला होता.

यंदा शुक्रवारी आबांनी चक्की धुतली. वरचा दगड एकट्यानं उतरवला, दोन्ही दगड नारळाच्या शेंडीनं घासले, धान्य ओतायचा पत्र्याचा डबा चिंचेनं लखलखीत केला, पीठ पडतं त्या तोंडाला नवी कापडी पिशवी बांधली. जमीन पुसली, उदबत्ती लावली, नारळ फोडला. भागाबाई पाणी आणून देत होती. हापशावर तिनं पाहिलं होतं, की गल्लीतल्या पोरीबाळी घरघंट्यांचे डबे घेऊन धुवायला आल्या होत्या. कोणी ब्रशनं घासत होतं, कोणी हळदीकुंकू लावत होतं. तिला कळायचं ते कळलं. पण आबा धुतलेल्या दगडाकडं नव्या नवरीकडं बघावं तसं बघत होते, आणि तिच्यानं सांगवलं नाही. पुढं अनेकदा तिला वाटलं, की तेव्हाच सांगायला हवं होतं.

शनिवारी पहाटे आंघोळ करून आबा ओट्यावर बसले. सहा वाजले, सात वाजले. गल्लीतून माणसं जात होती, रामराम घालत होती. सुरतेहून रात्रीच्या गाडीनं आलेली पोरं बॅगा घेऊन जाताना पाया पडत होती आणि म्हणत होती, आबा, चक्की अजून तशीच आहे. आठ वाजेपर्यंत दळण घेऊन कोणी आलं नाही. आबांनी दोनदा उठून दगड पुसला. धूळ बसते, असं त्यांनी भागाबाईला सांगितलं.

साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी पिकअप वाजली. योगेंद्र आला होता, आणि आज त्याच्याकडं चार पोती होती. रविवार, सोमवार दोन्ही दिवस हायवेवर गावी येणाऱ्या-जाणाऱ्यांची झुंबड असणार, त्याला संध्याकाळपर्यंत पीठ हवं होतं. आबांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की आज नाही होणार. हे त्याला आधी सांगायला हवं होतं, पण आबांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. खानदेशातला माणूस, त्याला कानबाईचं काय सांगायचं, असं ते धरून चालले होते. योगेंद्रला कानबाई माहीत होतीच, त्याच्या घरी बसायची. पण तो तालुक्याच्या गावातला. तिथं एरंडोलच्या नाक्यावर एकाकडं दोन चक्क्या होत्या, एक कानबाईला धुतलेली, दुसरी पोटासाठी चालू.

योगेंद्र भला माणूस. तो चिडला नाही. त्यानं रिकाम्या ओट्याकडं बघितलं, रिकाम्या गल्लीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "आबा, माझं दळून घ्या आणि परत धुऊन टाका. पाणी मी ओढतो. कोणी आलेलं तर दिसत नाही."

आबा म्हणाले, "येतीन. चक्की धुयेल शे. कानबाई जाई तोपर्यंत दुसरं दयन पडाव नही."

भागाबाई दाराच्या आड होती. ती बाहेर आली, परक्या माणसासमोर नवऱ्याला कधी बोलली नव्हती ती बोलली, "कोनी येवाव नही. त्यास्नं दयी द्या."

आबांनी तिच्याकडं बघितलंही नाही. देवीचा धाक होता असं म्हणावं तर आबा काही फार देवभोळे नव्हते. त्यांच्या डोळ्यासमोर वेगळंच होतं. आपण ही काळ्या उडदाची पोती दगडात ओतली आणि नेमक्या त्याच घटकेला गल्लीच्या तोंडाशी बायका दिसल्या, नव्या कापडात गहू घेतलेल्या, तर त्या काय म्हणतील? वनाआबानं चार पोत्यांसाठी कानबाई बाटवली. ते त्यांना सहन झालं नसतं. सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही, तसं हे होतं. ते म्हणाले, सोमवारी दुपारी या, एका बैठकीत चारही पोती काढून देतो. योगेंद्र म्हणाला, सोमवारी दुपारी पीठ घेऊन मी काय करू. शेवटी योगेंद्रनं वाकून नमस्कार केला, आणि पिकअप उलटी घेऊन एरंडोलच्या रस्त्याला लागला.

दुपार झाली. भागाबाईनं जेवायला बोलावलं तर आबा म्हणाले, मी उठलो आणि कोणी आलं तर. तिनं ताट ओट्यावर आणून दिलं. मारुतीच्या पाराकडून ढोलाची तालीम ऐकू येत होती. गल्लीत प्रत्येक घरातून माणसांचा गलका होता आणि त्या गलक्याखाली, आबांनी आधी लक्ष दिलं नव्हतं असा, एक बारीक घुंईऽऽ आवाज होता. या घरातून थांबला की त्या घरातून सुरू व्हायचा. आबांना आता तो ऐकू आला आणि मग ऐकू येणं थांबलं नाही.

चार वाजता ते उठले. घरचे गहू मोजले. एक सव्वा मूठ स्वतःची, एक किरणची, एक पियुषची. किरणला यंदा सुट्टी नव्हती, पण मूठ धरायचीच. पूर्वी त्यांच्या भाऊकीचं सगळं दळण एकत्र यायचं, साठ-सत्तर मुठी, पोतं भरायचं. यंदा भाऊबंदांपैकी कोणी आलं नव्हतं. आबांनी मोटर सुरू केली, पट्टा फिरला, आणि पत्र्याच्या त्या भल्यामोठ्या डब्यात त्यांनी तीन सव्वा मुठी ओतल्या. दाणे तळाशी कुठं गेले ते दिसलंही नाही.

चक्कीवाल्याला हे माहीत असायला हवं होतं, आणि माहीत होतंच. धुतलेले कोरडे दगड आधी स्वतःचं पोट भरतात. पोतंभर धान्यात ते जाणवत नाही, मूठभरात जाणवतं. नव्या पिशवीतून दोन चिमटी पीठ पडलं. आबांनी पिशवी झटकली, दगडाच्या कडेनं हात फिरवला, बोटाला लागलं तेवढं पुसून घेतलं. एक रोटही झाला नसता. पन्नास वर्षं सगळ्या गावाचे रोट दळणाऱ्या माणसाच्या घरी, त्याच्याच चक्कीतून, नातवाच्या नावाचा रोट निघाला नाही. आबांनी मोटर बंद केली आणि पट्टा थांबेपर्यंत तिथंच उभे राहिले. रडले नाहीत, पण रडले असते तर बरं झालं असतं.

रोट तर करायलाच हवे. भागाबाई सोवळ्यात होती, तिला उंबऱ्याबाहेर जाता येत नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा गहू मोजून नव्या कापडात बांधले आणि आबांच्या हातात दिले. आबा गहू घेऊन गल्लीत उतरले. दोन घरं सोडून जीवरामचं घर, आबांचा सख्खा चुलतभाऊ, भाऊकी एकच. त्याची सून मोनाली हिच्या रुखवतात घरघंटी आली होती.

मोनालीनं आबांना दारात बघितलं, डोक्यावर पदर घेतला आणि पाट मांडला. घरघंटी ओसरीवर होती, धुतलेली, वर झेंडूचं फूल. आबा पाटावर बसले नाहीत, उभेच राहिले. तिनं त्यांच्या हातून गहू घेतले तेव्हा तिची नजर खाली होती. तिनं विचारलं नाही, पण सांगून टाकलं, कदाचित सांगितल्याशिवाय तिला राहवलं नसावं.

"तुम्हीन पैसा लेतस नही, आबा. मंग दर साल फुकट तरास कसाले देवाना? म्हनीसन आम्ही बठ्ठ्या आते घरमाच दयतस."

तिच्या आवाजात खोट नव्हती. फुकटचा त्रास नको म्हणून गल्लीतल्या बायकांनी खरंच आबांची दया केली होती. अकरा भाऊक्या त्या दयेनंच घरी राहिल्या होत्या. ज्यांच्याकडं घरघंटी नाही त्यांनीही सकाळपासून मोनालीकडंच दळून नेलं होतं. आबांनी मान हलवली. दोन मिनिटांत तीन मुठींचं पीठ निघालं, कणभर कमी नाही. सवयीनं त्यांनी चिमूट घेऊन चोळली. पीठ गरम होतं, पण बारीक होतं, रोटाला काही वाईट नव्हतं.

त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि दहाचं नाणं काढलं. फुकट घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मोनाली दोन पावलं मागं सरकली.

"आबा, कानबाईना दयनना पैसा लेतस का? तुम्हीनच शिकाडेल शे ना."

नाणं परत खिशात गेलं.

रविवारी रोट झाले. दोघांनी खाल्ले, किरणच्या आणि पियुषच्या नावाचेही खाल्ले. सोमवारी वाजतगाजत कानबाई नदीला गेली. दुपारी आबांनी योगेंद्रला फोन लावला. त्यानं फोन उचलला, चौकशी केली, आणि मग अवघडून म्हणाला की एरंडोलवाल्यानं ऐन गर्दीत रात्री जागून दळून दिलं, आता त्याला वर्षाचं नाही कसं म्हणू. भाकरी जराशी चिरते, पण गिऱ्हाईक चालवून घेतं. आबा म्हणाले, बरोबर आहे. खरंच ते त्यांना बरोबर वाटलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि हे धुपाटणंही त्यांनी स्वतःच घासून लखलखीत केलेलं.

संध्याकाळी त्यांनी भागाबाईला सांगितलं की ठरल्याप्रमाणे करू, सुरतेला जाऊ. बुधवारी पाचोऱ्याच्या भंगारवाल्याला बोलावू. भागाबाईनं पत्र्याच्या पेटीतून पियुषसाठी विणलेलं स्वेटर काढलं, ते आता त्याला लहान झालं असणार. पण तिनं ते सुरतेला न्यायच्या पिशवीत वर ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद तिनं नवऱ्यापासून लपवला, आणि आबांनी तो दिसला नाही असं दाखवलं.

मंगळवारी सकाळी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. हेमराजनं केलं होतं तसंच करायचं. घरोघर जायचं, हात जोडायचे, सांगायचं की उद्यापासून चक्की बंद, आता रजा द्या. पन्नास वर्षांचं काम, चोरासारखं कुलूप लावून जायचं नाही. बोलायची वाक्यं त्यांनी मनात दोनदा म्हणून बघितली. आपल्या गल्लीत पहिल्यांदा जायला जड गेलं, म्हणून गावाच्या वरच्या टोकापासून सुरुवात करावी असं त्यांनी ठरवलं. तिथं पहिलं घर प्रमिलाबाईचं. नथूबाबानं चक्की सुरू केली त्या दिवशी पहिलं दळण प्रमिलाबाईच्या सासूनं आणलं होतं.

प्रमिलाबाई अंगणात शेंगा निवडत होती. आबांना बघून लगबगीनं उठली, खाट टाकली, कानबाई कशी झाली विचारलं. आबा खाटेच्या कडेला टेकले. हात जोडले आणि म्हणाले की चक्कीचं सांगायला आलोय.

प्रमिलाबाई शेंगांचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "चक्की? आते लगून चालू व्हती का, आबा? माले वाटनं, हेमराजभाऊनासंगे तुम्हीनबी बंद करी टाकी."

तिनं ते साधेपणानं विचारलं होतं. तिच्या घरात तीन वर्षांपूर्वी घरघंटी आली, खालच्या गल्लीत तिचं काही काम पडत नव्हतं. आबांचे हात तसेच जोडलेले राहिले. रजा मागायची होती, पण रजा मागायची ती कोणाकडं? इथं तर गावानं ती केव्हाच देऊन टाकली होती, आणि ते आबांना कोणी कळवलं नव्हतं. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. जे तोंडातून बाहेर पडलं ते बोलायला ते आलेच नव्हते.

"चालू शे ना," आबा म्हणाले. "दयन धाडत जा."

प्रमिलाबाई म्हणाली, धाडते ना, धाडते. आबांनी चहा घेतला आणि उठले. पुढच्या घरी गेले नाहीत. खालच्या गल्लीत आले, टोपी काढून खुंटीला लावली, आणि चक्कीचं दार उघडून मोटरचं बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला तशी भागाबाई घरातून बाहेर आली. दगडात काही नव्हतं. तिनं आबांकडं बघितलं, धोतराकडं बघितलं, आणि परत आत गेली. थोड्या वेळानं तिनं पिशवीतून स्वेटर काढून पेटीत ठेवलं.

बुधवारी पाचोऱ्याचा माणूस आला, तर आबांनी त्याला परत पाठवला. किरणला फोनवर सांगितलं, की गावातून दळण येणार आहे, लोकांना शब्द दिलाय. प्रमिलाबाईनं अजून तरी काही धाडलेलं नाही. पण आबा रोज सहाला दार उघडतात, कारण चक्की चालू आहे असं ते गावात सांगून बसलेत.